सुईणबाई सायकलवरून येतात

सांगलीत पोटुशी बाई दिसली, की ओळखीच्या बायका दोनच प्रश्न विचारतात. 'कितवा?' आणि 'नाव कुठं घातलंय?' दुसऱ्या प्रश्नाचा बाळाच्या नावाशी काही संबंध नसतो. कुठल्या दवाखान्यात नाव नोंदवलंय, एवढंच त्यांना हवं असतं. उत्तर मिळालं की 'हां, बाई हाताची चांगली आहे' किंवा 'ती सिझरच करते' यांपैकी एक निकाल देऊन त्या भाजी घ्यायला जातात.

गौरीच्या वेळी, 1994 साली, माझं नाव माझ्या आईने घातलं. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. दवाखाना माहेरापासून हाकेच्या अंतरावर होता, म्हणजे डबा गरम पोचणार. निवडीचा निकष हा एवढाच.

तीच गौरी आता नेदरलँड्समध्ये, आम्स्टलवेन नावाच्या गावात राहते. सातव्या महिन्यानंतर विमानात बसवायला कुणी राजी होईना, म्हणून पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येण्याऐवजी माहेरच लेकीकडे निघालं. शेंगेन व्हिसा एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांचा. बाळ येण्याआधी किती दिवस खर्च करायचे आणि नंतरचा सव्वा महिना कसा बसवायचा, हे गणित आमच्या ह्यांनी कॅलेंडरवर तीनदा मांडलं आणि तीनदा वेगळं उत्तर काढलं. शेवटी पस्तिसाव्या आठवड्यात मी एकटीच डिंक, अळीव, खारीक पूड, बाळंतशोपा आणि अकरा दुपटी घेऊन स्किपॉलला उतरले. ते विमानतळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे हे जावयाने मला गाडीत बसल्यावर सांगितलं, तेच बरं केलं. साजूक तूप मात्र आणता आलं नाही. दुधातुपाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला बंदी आहे. (पण ज्या देशात दुकानभर नुसतं लोणी मांडून ठेवलेलं असतं, तिथे तुपाचं काय अडणार? दुसऱ्याच दिवशी मी दोन किलो कढवलं. जिन्यातल्या तीन दारांतून माणसं वास घ्यायला डोकावली.)

घरात पाय टाकताच मी विचारलं, "नाव कुठं घातलंय?"

"कुठंच नाही अजून," गौरी म्हणाली. "सुईणीकडे आहे मी."

मी खुर्ची बघून बसले. पोरगी संगणक अभियंता. तिच्या घरात दिवा लावायचा तर दिव्याला तोंडाने सांगावं लागतं. आणि ही सुईणीकडे!

सुईणीला तिथे फरलोसकुंदिखं म्हणतात. तो उच्चार मला नव्वद दिवसांत जमला नाही. त्या लोकांना 'ग' म्हणता येत नाही आणि मला त्यांचा 'ख'. माझ्या गौरीला तिथे सगळे 'खौरी' म्हणतात आणि ती ओ देते. त्या शब्दाचा अर्थ जावयाने फोड करून सांगितला, तेव्हा मात्र मी जरा वरमले. मूळ क्रियापदाचा अर्थ सोडवणं, मोकळं करणं. आपणही 'सुखरूप सुटली', 'मोकळी झाली' असंच म्हणतो. म्हणजे ही बाई सोडवणारीण. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करून झालेली.

सोडवणारणीचा दवाखाना सायकलवाल्याच्या आणि चीजवाल्याच्या दुकानांच्या मधे होता. पांढरा कोट नाही, स्पिरिटचा वास नाही. तिने गौरीचं पोट चाचपलं, बाळाचे ठोके ऐकवले आणि चहा की कॉफी विचारावं तशा सुरात विचारलं, "मग, कुठे बाळंत व्हायला आवडेल? घरी, बर्थ सेंटरमध्ये की हॉस्पिटलमध्ये?"

"हॉस्पिटल," मी म्हणाले. मला विचारलं नव्हतं.

"का?" तिने अगदी प्रेमाने विचारलं. "काही त्रास आहे का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? तिथे सगळं सुरळीत असेल तर डॉक्टरांचं तोंड दिसत नाही. बाईचं सगळं सुईण बघते. गुंता झाला तरच ती तज्ज्ञाकडे पाठवते. आणि गंमत अशी, की काही त्रास असेल तर हॉस्पिटलचा खर्च विमा देतो. त्रास नसताना हौसेने गेलात तर काही शे युरो आपल्या खिशातून घालायचे. निरोगी असल्याचा हा दंड मी आणखी कुठे पाहिलेला नाही. 1960 च्या सुमाराला या देशात दोन तृतीयांशांहून जास्त बाळंतपणं घरीच होत. आता ते प्रमाण बरंच उतरलंय, तरी दहातली एखाददुसरी अजून आपल्याच पलंगावर बाळंत होते.

माझी थोरली मावशी घरी बाळंत होताना अडली. बैलगाडीतून मिरजेला नेताना वाटेतच गेली. म्हणून तर माझ्या आईने हाकेच्या अंतरावरचा दवाखाना गाठला होता, डब्याचं नुसतं निमित्त. हे मी सुईणबाईंना सांगितलं नाही, पण गौरीने सांगितलं असावं. त्यांनी एक कागद घेऊन रेघा मारल्या: हे घर, हे हॉस्पिटल, गाडीने बारा मिनिटं. हा रस्ता बंद असेल तर हा, हाही बंद असेल तर हा. पंचेचाळीस मिनिटांत हॉस्पिटल गाठता आलंच पाहिजे, असा तिथला दंडक. "आणि माझी सायकल," त्या म्हणाल्या, "सगळ्यांत आधी पोचते." कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. रस्ते असले की सुईण परवडते, हे मला त्या कागदावरून कळलं. पण हट्ट सोडला नाही.

मग आमचं हॉस्पिटलदर्शन सुरू झालं.

पहिलं विद्यापीठाचं, अवाढव्य. माहितीसंध्येला गेलो. दारात सायकली इतक्या, की मला आधी वाटलं आपण सायकलींच्याच हॉस्पिटलात आलो. त्यातल्या एकीवरून एक बाई उतरली. पोट गौरीपेक्षा मोठं, मागे मूल बांधलेलं, पुढे दुसरं. तिने सायकलला दोन कुलपं लावली आणि आत गेली. तिचं काय व्हायचं ते होईल, सायकल जायला नको. आत कॉफी मिळाली आणि कॉफीबरोबर बिस्कीट. एक. डबा फिरला, प्रत्येकाने एक उचललं आणि डब्याचं झाकण लागलं. मी दुसऱ्यासाठी पुढे केलेला हात तसाच पदराकडे वळवला. तासभर डचमधून चित्रं दाखवली. चित्रात एक बाई पाण्याच्या टबात हसत होती. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तर तीन बाप्यांनी तीनदा विचारलं, की पार्किंगचे तासाला किती पडतात.

दुसरं बर्थ सेंटर. हे बघून मला माथेरानच्या लॉजची आठवण झाली. लाकडी पलंग, मंद दिवे, भिंतीवर जंगलाचं चित्र, कोपऱ्यात भला मोठा रबरी चेंडू आणि मधोमध अर्धगोल कापलेलं स्टूल.

"हे स्टूल मोडलंय," मी हळूच म्हणाले.

"आई, ते तसंच असतं. त्यावर बसून बाळंत होतात."

माझ्या वेळी लोखंडी टेबल होतं, वर ट्यूबलाइट आणि 'ओरडू नका' असं म्हणणाऱ्या सिस्टर. इथल्या फॉर्मवर प्रश्न होते: उजेड किती हवा, संगीत कोणतं, नाळ कोण कापणार. जावयाने नाळेच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढचा अर्धा तास पाणी पीत बसला. पण मणक्यातलं कळा थांबवणारं इंजेक्शन तिथे मिळत नव्हतं, ते फक्त हॉस्पिटलात. गौरीने ते ऐकलं आणि जंगलाचं चित्र तिच्या मनातून उतरलेलं मला दिसलं.

तिसरं हॉस्पिटल लहानसं, कालव्याकाठी, खिडकीतून बदकं दिसणारं. बाळंतपणाच्या खोलीत टब होता आणि इंजेक्शनही मिळणार होतं. नर्सबाईंनी माझ्याशी हस्तांदोलन करून 'ओमा' म्हटलं. ओमा म्हणजे आजी. माझं मत तिथेच पक्कं झालं. गौरी म्हणाली, बदकांवर. काही का असेना, घरी येऊन मी ह्यांना फोन केला, "नाव घातलं एकदाचं."

"नाव घातलेलं नाही, आई," गौरी आतून ओरडली, "फक्त पसंती कळवलीय."

हा फरक मला कळायला तीन आठवडे लागले.

मधल्या काळात पलंग उंच करायचा होता. बाळंतीण घरी आली, की तिथे क्रामझोर्ख नावाची बाई घरी येते. आठ-दहा दिवस बाळंतिणीला नि बाळाला बघते, ताप मोजते, दूध पाजायला शिकवते, संडास-बाथरूमही धुते. विम्यातून तिचे तास ठरतात. कमीत कमी चोवीस, जास्तीत जास्त ऐंशी. ताशी पाचेक युरो आपण द्यायचे, बाकी विमा. तासाच्या हिशोबाने मिळणारं हे माहेर बघून मी आधी हसले. नंतर मनात आलं, माझ्या आईने किती तास लावले होते, ते कुणी मोजलेच नाहीत. तर या बाईची कंबर धरू नये म्हणून बाळंतिणीचा पलंग गादीसकट ऐंशी सेंटिमीटर उंच हवा, असा नियम. नसेल तर ती हात लावणार नाही. त्यासाठी ठोकळे भाड्याने मिळतात, पण शेजारचे डच काका म्हणाले, पैसे कशाला घालवता, आम्ही बिअरचे क्रेट लावले होते.

जावई दारूला शिवत नाही. तो चार क्रेट घेऊन आला. एकेकात चोवीस बाटल्या, भरलेल्या. शहाण्णव बाटल्यांचं काय करायचं, असा प्रश्न घरात उभा राहिला तो शेजारच्या काकांनी मित्रांच्या मदतीने आठवड्याभरात सोडवला आणि रिकाम्या बाटल्या इमानदारीने परत क्रेटमध्ये लावून दिल्या. माझ्या एकुलत्या लेकीचा बाळंतपणाचा पलंग असा बिअरवर चढला. ह्यांना मी फोनवर सागवानी ठोकळे सांगितले.

एकोणचाळीस आठवडे दोन दिवस झाले, रात्री साडेअकराला कळा सुरू झाल्या. सुईणबाई खरंच सायकलवरून आल्या, पावसात, पाठीवर पिशवी. तपासलं आणि म्हणाल्या, वेळ आहे, गरम शॉवर घे आणि पॅरासिटामॉल. त्या देशात पाय मोडला तरी आधी पॅरासिटामॉल देतात, असं तिथली मराठी मंडळी मला सांगत होती. ती चेष्टा नव्हती. दीड वाजता पुन्हा तपासून म्हणाल्या, "चला आता," आणि हॉस्पिटलला फोन लावला.

बदकांच्या हॉस्पिटलात खाट नव्हती.

मी देवाचं नाव घेतलं. त्यांनी दुसरा फोन लावला, विद्यापीठाच्या. तिथेही भरलेलं. बर्थ सेंटरचं नाव गौरीनेच काढू दिलं नाही. तिसरा फोन पलीकडच्या गावातल्या एका हॉस्पिटलला गेला, जे आम्ही पाहिलं नव्हतं, ज्याचं नाव ऐकलं नव्हतं आणि ज्याच्याबद्दल भाजीला जाणाऱ्या एकाही बाईला विचारलं नव्हतं. तिथे खाट होती. पर्समधून मी सुईणबाईंचा तो रेघांचा कागद काढला. हा रस्ता त्यात नव्हताच.

गाडी अंधारातून निघाली. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, पाण्याचे चर, मधेच झोपलेल्या गाई. लेक दर चार मिनिटांनी माझा हात पिळत होती आणि जावई लाल सिग्नलला थांबत होता. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, तरी थांबत होता. मी आयुष्यात कुणाला कायदा मोडायला सांगितलेला नाही, त्या रात्री दोनदा सांगितलं. त्याने दोन्ही वेळा "आई, कॅमेरा आहे" असं उत्तर दिलं.

पाच चाळीसला नात झाली. टब, संगीत, मंद उजेड यांपैकी काहीच जमलं नाही. इंजेक्शन देणारे डॉक्टर येईपर्यंत बाईसाहेब येऊन ठेपल्या होत्या. नाळ जावयानेच कापली आणि मग खाली बसला. नर्स आली ती ताटली घेऊन. कुरकुरीत गोल टोस्टवर लोणी, त्यावर गुलाबी-पांढऱ्या साखरेच्या गोळ्या. याला म्हणतात बेस्खाउट मेट माउशेस, उंदीर लावलेला टोस्ट. गोळीला शेंड्याकडे देठ असतो, म्हणून उंदीर. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळे. निळे निघाले 1994 साली, गौरीच्याच वर्षी. त्याआधी मुलग्यांनाही गुलाबीच चालायचे. मी एक गोळी दाताखाली फोडली. आत बडीशेपेची बहीण होती, अॅनिस. "दूध येतं याने, असं जुन्या बायका म्हणतात," नर्स म्हणाली.

दहा वाजता आम्हाला घरी जायला सांगितलं. मी दोनदा विचारलं, कुणाला? सांगलीत मी पाच दिवस होते. इथे चार तास वीस मिनिटांत लेक अंघोळ करून, बाळ टोपलीवजा खुर्चीत बांधून लिफ्टपाशी उभी. माझ्या हातात धुतलेला डबाही नव्हता; डबा आलाच नव्हता.

दुपारी जाऊबाईंचा फोन. "सुखरूप ना?" "सुखरूप." "कुठं झाली?" "दवाखान्यात." "अगं, पण कुठल्या?"

मी जावयाच्या खिशातली पार्किंगची पावती काढली. त्यावर हॉस्पिटलचं नाव होतं, मोजून सव्वीस अक्षरं, मधे तीन 'ख'. मी दोनदा सुरुवात केली आणि म्हणाले, "बाई हाताची चांगली आहे."

"मग झालं," जाऊबाई म्हणाल्या.

वर बिअरच्या क्रेटवर माझी लेक झोपली होती. क्रामझोर्खबाई तिचा ताप मोजून खाली आल्या. ओट्यावर मी बाळंतशोपा भाजत होते. त्यांनी वाकून वास घेतला, बोटाने विचारलं, हे काय? दूध येतं याने, मी खुणेने सांगितलं. त्या हसल्या आणि माउशेसच्या डब्याकडे बोट दाखवलं. मी त्यांच्या तळहातावर चिमूटभर ठेवली. चावून बघितली, मान डोलावली आणि हात पुन्हा पुढे केला.

मी बरणीचं झाकण लावलं.