इंजिनाआधी उघडायचं पुस्तक

घरच्या अंगणात मोटरसायकल पूर्ण खोलून पुन्हा बांधायची, असं सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीत कुणी ठरवलं की सल्ला द्यायला अर्धी पेठ जमते. पण रिपेअरीचं पुस्तक कोणतं घ्यावं, हे त्यातला एकही जण सांगत नाही. पुस्तकं चार जातींची असतात. गाडीबरोबर फुकट येतं ते मालकाचं पुस्तक. टायरमध्ये हवा किती ठेवायची इथपर्यंत ते धीट असतं, त्यापुढच्या प्रत्येक प्रश्नाला 'अधिकृत विक्रेत्याला भेटा' म्हणून हात झटकतं. दुसरं कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल, तिसरं बाहेरच्या प्रकाशकाचं आणि चौथं पार्ट्स कॅटलॉग. यातून निवडताना पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा ते कुणासाठी लिहिलंय, हे आधी पाहावं, असं माझं म्हणणं आहे.

सर्व्हिस मॅन्युअल लिहिलेलं असतं कंपनीच्याच वर्कशॉपसाठी. त्याच्या वाचकाकडे मायक्रोमीटर असतो, टॉर्क पाना असतो आणि मॅग्नेट काढायला त्याच मॉडेलचा पुलर असतो. दुधनीत या सगळ्या हत्यारांची जागा छिन्नी आणि हातोडा घेतात. तरीही हे पुस्तक टाकाऊ नाही, कारण सिलिंडर किती झिजला तर रिबोरिंग करायचं आणि कोणता बोल्ट किती कसायचा, हे आकडे दुसरीकडे खात्रीने मिळत नाहीत. फक्त रकाना बघून वाचावं. किलोग्रॅम-मीटरचा एक म्हणजे न्यूटन-मीटरचे जवळजवळ दहा. सहा एमएमच्या बोल्टला दहा न्यूटन-मीटर पुरतात. तेच दहा किलोग्रॅम-मीटर समजून कसले, तर आटे तरी जातात नाहीतर बोल्टचं मुंडकं तरी हातात येतं.

बाहेरच्या प्रकाशकांत मोठं नाव हेन्सचं. इंग्लंडच्या जॉन हेन्स यांचं या मालिकेतलं पहिलं पुस्तक 1966 सालचं. खरी गाडी खोलून, बांधून, फोटो काढत लिहायचं ही त्यांची रीत, म्हणून खोलण्याच्या क्रमाबाबत ही पुस्तकं प्रामाणिक असतात. पण त्यांच्या वाचकाकडे स्वतःचं गॅरेज आहे, असं ती धरून चालतात आणि जोडणीची पाळी आली की 'काढलं त्याच्या उलट क्रमाने बसवा' एवढ्यावर मोकळी होतात. चकली सोऱ्यातून पडली त्याच्या उलट क्रमाने परत भरा, असं सांगण्यातलाच हा प्रकार.

यावर पेठेतला पहिला आक्षेप ठरलेला: "पुस्तक कशाला लागतंय? मिस्त्री हाय की!" मिस्त्री पुस्तक वाचत नाही हे खरं, कारण तेच इंजिन त्याने इतक्यांदा बांधलेलं असतं की पुस्तक त्याच्या मनगटात उतरलेलं असतं. घरचा हौशी गडी आयुष्यात एकदाच इंजिन खोलणार; ही उणीव त्याला कागदानेच भरून काढावी लागते. शिवाय मिस्त्रीचं मनगट रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांवर तयार होतं. स्प्लेंडर तो डोळे मिटून बांधेल. पण म्हैसूरची येझदी 1996 साली बंद झाली आणि पोलंडच्या एसएचएलवरून घडवलेली जुनी राजदूत आता दिसते ती बहुधा गोठ्याच्या कडेला. म्हणजे गाडी जितकी दुर्मिळ तितकी पुस्तकाची गरज मोठी, आणि तितकंच ते पुस्तकही दुर्मिळ. दुसरा आक्षेप व्हिडिओचा. व्हिडिओ जरूर बघावा, पण नेमका आकडा हवा असतो तेव्हा दोन्ही हात ऑइलने माखलेले असतात आणि पडद्यावरचा गृहस्थ चॅनल सबस्क्राइब करायला सांगत असतो.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि तो वजनदार आहे. ही पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. दुधनीत तर एका वाक्याची सुरुवात मराठीत होऊन शेवट कन्नडमध्ये होतो. म्हणूनच माझं पहिलं मत पार्ट्स कॅटलॉगला. त्यात वाक्यं जवळजवळ नसतातच. इंजिनाचा प्रत्येक तुकडा एका रेषेवर सुटा काढून दाखवलेला आणि शेजारी त्याचा नंबर. 6204 नंबरचं बेअरिंग कुठल्याही भाषेत आतून 20, बाहेरून 47 आणि रुंदीला 14 एमएमच भरतं. नंबर चिठ्ठीवर लिहून गाडीने सोलापूर गाठलं की काउंटरवर हातवारे करावे लागत नाहीत. कॅटलॉग कसं बसवायचं ते सांगत नाही, किती कसायचं तेही नाही, हे मान्य. म्हणून दुसरा नंबर सर्व्हिस मॅन्युअलचा, आणि आपल्या मॉडेलचं मिळालंच तर तिसरा हेन्सचा. पण कॅटलॉगात एक रकाना असा असतो जो बाकी कुणाकडे सहसा नसतो: कोणता तुकडा किती नग. इंजिन बांधून झाल्यावर एक वॉशर उरला, तर मिस्त्री 'एक्स्ट्रा आहे' म्हणून तो खिशात टाकतो. कॅटलॉग त्याचा नंबर दाखवतो, नग एक म्हणून सांगतो, आणि इंजिन पुन्हा खोलायला लावतो.