पाचवं बोट

अहो, ऐकलंत का? समोरच्या वहिनी आल्या परत अथेन्सहून! काल रात्रीच. टॅक्सीतून चार बॅगा उतरल्या, मी गॅलरीतून मोजल्या ना. जाताना तीन होत्या. चौथीत म्हणे ऑलिव्ह तेलाचे डबे आहेत, इस्त्रीवाला सांगत होता, खरं-खोटं देव जाणे. तुम्ही घाला हो धुणं वाळत, मी हाताबरोबर सांगते. फक्त कुणाला सांगू नका. म्हणजे सांगा, पण माझं नाव नको.

लेकीकडे गेले होते ना दोघं, वहिनी आणि त्यांचे मास्तर, महिनाभर. पांग्राती भागात भाड्याने राहते ती. ते 1896 च्या ऑलिंपिकचं संगमरवरी स्टेडियम आहे बघा, तिथून जवळच. तळमजल्यावर घरमालकीण आजी. नवरा गेल्यापासून नखशिखांत काळे कपडे. आणि ह्या आजींचं आणि आपल्या वहिनींचं जे काही झालं… पण थांबा, आधी मास्तरांचं ऐका.

मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलं. त्यामुळे ग्रीसमध्ये सगळ्या पाट्या आपल्याला वाचता येणार, ही मिजास! विमानतळावरच सुरू झाले, पाय, सिग्मा, थीटा… एका दुकानाकडे बोट करून म्हणाले, "हे बघ, बीटा!" लेक म्हणाली, "बाबा, इथे त्याला वीटा म्हणतात. आणि पायला पी." चेहरा असा पडला म्हणतात त्यांचा! किती पिढ्या घडवल्या हो पायवर. वर आणखी प्रश्नचिन्हाच्या जागी ते लोक अर्धविराम देतात. मास्तर दोन दिवस पाट्यांकडे बघेनात.

तर काय सांगत होते… हां, 'ने'! तिकडे 'हो'ला 'ने' म्हणतात. आता आपल्या कानाला 'ने' म्हणजे काय? 'नै'च की! वहिनी गेल्या जेवायला एका खानावळीत, ताव्हेर्ना म्हणतात तिथे. टेबलावर आले द्राक्षाच्या पानात गुंडाळलेले भाताचे रोल. दिसायला थेट आपल्या अळूच्या वडीचे उंडे. वहिनी पक्क्या शाकाहारी. वेटरला विचारलं, "मीट? मीट?" तो हसून म्हणाला, "ने, ने!" वहिनी खूश. नै म्हणतोय बिचारा. काट्याला लावून तोंडापर्यंत नेला, आणि लेकीनं हात धरला. खिमा हो, खिमा! पुढे काय झालं ते वहिनी सांगत नाहीत, मास्तर सांगतात. मास्तरांनी ती सगळी प्लेट संपवली. इश्श, अजून तुम्हाला नव्हतं माहीत?

आणि 'नाही'ला म्हणतात 'ओही'. ह्या एका शब्दाची तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते, 28 ऑक्टोबरला. 1940 साली मुसोलिनीनं पहाटे निरोप धाडला, आमचं सैन्य आत येऊ द्या. तर तिथला तो मेताक्सास, हुकूमशहाच होता मेला, पण नाही म्हणाला. म्हणून सुट्टी. आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये इतकं नाही म्हणतो, आपल्याला कोण देतंय सुट्टी! पण गंमत बघा, तोंडानं 'ओही' म्हणायचाही त्यांना कंटाळा. नुसती मान वर झटकायची, भुवया उडवायच्या आणि जिभेनं 'च्यक्'. वहिनी म्हणाल्या, शब्द सगळा उलटा, पण च्यक् मात्र आपलंच!

बरं, ते राहू दे. आता आजींचं.

पहिली ठिणगी कशानं पडली असेल? दाण्याच्या कुटानं. दुपारी साडेतीनला वहिनींनी काढला खलबत्ता. बॅगेत नेला होता हो, लोखंडी! तिकडे उन्हाळ्यात दुपारी 3 ते साडेपाच शांततेची वेळ, अगदी नियमानं. पियानोसुद्धा वाजवायचा नाही. खालून आजींनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. वहिनींना वाटलं, काही पाहिजे असेल, म्हणून जिन्यात जाऊन हसून म्हणाल्या, "यासू!" लेकीनं शिकवलेलं ना, नमस्कार म्हणून. तर 'यासू' म्हणजे 'तू'वाला नमस्कार. मोठ्यांना 'यासास' म्हणायचं, आपल्या तू आणि तुम्हीसारखं अगदी. म्हणजे एक तर झोपमोड, वर अगं-तुगं. पुण्यात राहून ह्यांना 1 ते 4 कळू नये? मी असते तर…

आणि एक, जरा जवळ या, मोठ्यानं नको. बाथरूमचं. तिकडे कागद पॉटमध्ये टाकायचा नसतो म्हणे. पाइप अरुंद, तुंबतात. शेजारी झाकणाची बादली असते, त्यात टाकायचा. वहिनींना कसलं काय, त्यांनी घरून मग नेला होता. पण मास्तरांनी एकदा… जाऊ दे. प्लंबर आला होता एवढंच मला कळलंय.

तर खरी गोष्ट पुढे आहे. कोपऱ्यावर बेकरी. तिथे तीळ लावलेल्या पावाच्या कड्या मिळतात, कुलूरी म्हणतात त्यांना, सकाळी सगळं गाव तेच खातं. वहिनी गेल्या एकट्या. पाच हवे होते. भाषा येईना, तर केला हात पुढे, बोटं फाकवून, तळवा थेट बेकरीवाल्याच्या तोंडासमोर! "फाइव्ह! फाइव्ह!" दुकान एकदम चिडीचूप. बेकरीवाल्याच्या हातातला चिमटा तसाच हवेत. आणि मागे रांगेत कोण उभं? आजी! त्यांनी म्हणे छातीवर क्रूस काढला आणि पाव न घेताच निघून गेल्या.

अहो, शिवी आहे ती तिकडे! मूत्झा म्हणतात. असा पंजा कुणाच्या तोंडासमोर धरला की संपलंच. बरोबर 'ना!' असंही म्हणतात, म्हणजे 'हे घे'. दोन हातांनी केलं तर डबल. जुन्या बिझंटाइन काळात गुन्हेगाराला गाढवावर उलटं बसवून गावभर फिरवायचे आणि हातानं त्याच्या तोंडाला काजळी फासायचे, त्यातून आलंय म्हणतात. म्हणजे आपलं 'तोंडाला काळं फासून धिंड'च की! पाच दाखवायचे तर तळवा स्वतःकडे वळवून दाखवायचा. हे लेकीनं घरी आल्यावर सांगितलं. वहिनी मटकन खाली बसल्या. त्याच संध्याकाळी आजींचा नातू जिन्यात भेटला, गोड पोरगं, वाकून काहीतरी उचलत होतं. वहिनींना वाटलं, पाया पडतोय. आशीर्वादाला हात वर गेलासुद्धा, आणि वरून लेक किंचाळली, "आई, हात खाली!"

दोन दिवस अबोला. एकाच जिन्यानं ये-जा, आणि आजी भिंतीकडे तोंड करून जायच्या. वहिनींचं डोकं जे चढलं ते उतरेना. गोळ्या झाल्या, बाम झाला. शेवटी लेक खाली गेली, सगळा उलगडा केला. आजी ऐकून घेऊन म्हणाल्या काय ठाऊक? "हिला मुळात नजर लागलीय!"

आल्या वर. एका पेल्यात पाणी घेतलं, बोटानं ऑलिव्ह तेलाचा थेंब सोडला. तेल पाण्यात विरून गेलं, तरंगलंच नाही. म्हणजे लागलीय. मग ओठांत काहीतरी मंत्र. तो मंत्र बाईनं पुरुषाला आणि पुरुषानं बाईला शिकवायचा असतो, बाईनं बाईला नाही, त्यामुळे वहिनींनी किती विचारलं तरी आजी सांगेनात. आणि मंत्र म्हणता म्हणता आजींना जांभयांवर जांभया. जितक्या जांभया, तितकी नजर कडक! शेवटी तीनदा 'फ्तू, फ्तू, फ्तू'. वहिनी बघतच राहिल्या. उठल्या, चिमूटभर मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि आजींवरूनच ओवाळून टाकल्या. गॅसवर मोहऱ्या अशा तडतडल्या! आजींनी टाळी वाजवली. डोकं उतरलं का? अहो, उतरणारच.

मग काय, वाट्यांची देवाणघेवाण सुरू. त्यातही घोळ! संकष्टी आली नेमकी शुक्रवारी. आजींचाही बुधवार-शुक्रवार उपास. पण त्यांच्या उपासाला दूध, तूप, अंडं, मटण बंद. डाळ, भाजी, पाव चालतो. 'निस्तीसिमो' असा शब्द आहे त्याला. शाकाहारी माणसानं तिकडे हा एक शब्द पाठ करावा, म्हणाल्या वहिनी. कोळंबी, कालवं तेवढी त्यात चालतात, त्याचं बघून घ्यायचं. तर आजींनी वर पाठवली फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वरून कच्चा कांदा. उपासाचं म्हणून! आणि वहिनींनी खाली पाठवली साबुदाण्याची खीर, तीही उपासाची म्हणूनच! ह्यांना डाळ चालेना, त्यांना दूध. दोन वाट्या, दोन उपास, आणि दोघी उपाशी. वहिनींनी चंद्रोदयानंतर फावा खाल्ली, आजींनी खीर शनिवारी. मास्तरांनी दोन्ही, दिवसाढवळ्या.

21 मेला तर आजींकडे सण. कॉन्स्टंटाईन आणि हेलन ह्या संतांचा दिवस. ज्यांचं ज्यांचं हे नाव, त्यांचा नामदिन. वाढदिवसापेक्षा मोठा. आपणच पाहुण्यांना खायला घालायचं, आणि लोक येऊन म्हणणार 'ख्रोनिया पोला', पुष्कळ वर्षं जगा. आल्या-आल्या काय दिलं असेल? बशीत चमचाभर मुरांबा आणि गार पाण्याचा पेला. थेट आपलं गूळपाणी! वहिनी म्हणाल्या, डोळे भरून आले. मास्तर बोलले मध्येच, "व्वा, आणि ही टर्किश कॉफी!" खोलीतले सगळे चेहरे एका दमात पडले. 1974 ला सायप्रसवरून तुर्कस्तानशी बिनसल्यापासून ती 'ग्रीक कॉफी' आहे, कॉफी तीच, भांडं तेच! मास्तरांनी मग सावरून घेतलं. म्हणाले, आमच्या कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांच्या दानाचे लेख आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीपासून तुम्ही आमचे देणेकरी नाही, घेणेकरी! लेकीनं भाषांतर केलं. की नाही केलं, कोण जाणे, पण हसले सगळे.

अगं बाई, आणि एक राहिलं! आजींच्या सुनेच्या दारावर नवऱ्याचं आडनाव वेगळं, हिचं वेगळं. वहिनींनी लेकीला कोपरानं ढोसलं, काही बिनसलंय का? तर नाही, 1983 च्या कायद्यानं तिकडे बाईचं आडनाव लग्नानंतर माहेरचंच राहतं. वहिनी गप्पच झाल्या. मीपण झाले, ऐकून…

तर काय सांगत होते? हां, शेवट. नामदिनाला बुधवार होता ना, म्हणून गोडात होता तेलातला हलवा. आपला शिराच हो, फक्त तुपाऐवजी तेल, पाकात दालचिनी-लवंग, आणि साच्यातून काढलेली मोठी मूद. वहिनींनी कृती विचारली. आजींनी हात वर धरला, तळवा स्वतःकडे, आणि एकेक बोट उघडत मोजायला लागल्या. एना, एक वाटी तेल. दियो, दोन रवा. त्रिया, तीन साखर. तेसेरा, चार पाणी. चार बोटं उभी, अंगठा तेवढा मुडपलेला. आणि दोघींची नजर त्या अंगठ्यावर! वहिनींना हसू आवरेना. आजींनी सावकाश अंगठा उघडला, हात फिरवला आणि अख्खा पंजा वहिनींच्या तोंडासमोर धरून म्हणाल्या, "ना!"

अहो, शिवी हो! भर नामदिनाच्या दिवशी! आणि वहिनी सांगतात, परदेशात इतकं आपलं मला कुणी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी बोलावलंय आपल्याला त्यांनी, त्याच मापाचा शिरा खायला. याल ना? दारात हात करतील, तेव्हा बोटं नीट मोजा. चार असली तर पाहुण्या म्हणून बसा. पाच असली, आणि तळवा आपल्याकडे… तर सरळ स्वयंपाकघरात जाऊन आपल्या हातानं वाढून घ्या. कुकर झाला वाटतं माझा. येते मी.