मंगळाचे सर

लोणारच्या सरांचं यान बरीच वर्षं मंगळाभोवती घिरट्या घालतंय. उतरत नाही. यानात सहा अंतराळवीर आहेत. त्यातला एक मेहकरचा, एक देऊळगाव राजाचा. उरलेले चौघं कुठले का असेनात, कादंबरीत त्यांना संवादच नाहीत.

भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस एक तर शेतीकडे वळतो, नाहीतर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभा राहतो. सरांनी विज्ञान कादंबरी धरली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली, हे सर चहाच्या पहिल्या घोटालाच सांगतात. टोपणनाव त्यांनीही घेतलंय. अख्ख्या तालुक्याला ते त्यांनी स्वतःच कळवलं. अक्षराच्या बाबतीत मात्र काकूंनी हात झटकले. "एवढे ताव उतरून काढायले मी काय तुमची इद्यार्थीन हाव?"

कादंबरीची मूळ कल्पना पक्की आहे, हे कबूल करायला हवं. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बसाल्टचा, आणि लोणारचं विवरही दख्खनच्या बसाल्टमध्येच उल्का आदळून झालेलं. बसाल्टमधलं असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून मंगळाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ इथले दगड तपासतात. तेव्हा मंगळ बघायला आपण अमेरिकेच्या तोंडाकडे कशाला बघायचं, हा सरांचा सवाल रास्तच आहे.

अडतं ते त्यांच्या खरेपणापाशी. पहिल्या खर्ड्यात अंतराळवीरांनी मंगळावर सोयाबीन पेरलं आणि एकरी बारा क्विंटल काढलं. मग सरांच्या वाचनात आलं, की २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेटचे क्षार सापडले होते. सगळं उभं पीक सरांनी लाल शाईनं आडवं केलं. विवरातल्या सरोवराचं वय बावन्न हजार वर्षं धरून नायकाचं एक जोरदार भाषण लिहिलं होतं. २०११ मध्ये ते वय पाच लाख सत्तर हजारांच्या घरात असल्याचा शोधनिबंध निघालेला कळला, आणि नायक गप्प बसला तो अजून बोललेला नाही. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीत घरी बसलेला देश टीव्हीवर लोणार बघत होता, पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं, आणि इकडे सर रात्र रात्र जागून मंगळावरचे हिरवे जंतू गुलाबी करत होते.

संदेशांचा घोळ वेगळाच. मंगळ दूर असला की तिथून इथं संदेश यायला बावीसेक मिनिटं लागतात. म्हणजे मेहकरच्या मायनं "जेवला काय रे?" विचारायचं आणि "हो" ऐकायला पाऊण तास थांबायचं. कोणती माय थांबेल? सरांनी त्यावर उपाय काढला. माय पाऊण तास एकटीच बोलते. ते प्रकरण सगळ्यात जिवंत उतरलंय. फक्त त्यात मंगळ कुठं नाही.

भर मे महिन्यात सर विवरात उतरतात तेव्हा अंगात रेनकोट, डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट, पायात शेतातले गमबूट. अंतराळपोशाखात माणसाला काय वाटतं ते कळायला हवं ना! हातात सुतळीला बांधलेला लोहचुंबक. वाटेत दिसेल त्या काळ्या दगडाला तो लावायचा आणि चिकटला की हेल्मेटच्या आतून काहीतरी ओरडायचं. काच घामानं धुरकटलेली असते, त्यामुळे ते आपल्याला सांगताहेत की दगडाला, ते समजत नाही. कमळजा देवीच्या दर्शनाला आलेल्या बाया पदर सावरून वाट देतात.

परवा बसस्टँडजवळच्या टपरीवर सरांनी नवं प्रकरण वाचलं. ऐकणारे आम्ही दोघं-तिघं, आणि गाडी चुकलेला एक शेतकरी. गुरुत्वाकर्षण आपल्या अडतीस टक्के, वर्ष सहाशे सत्त्याऐंशी दिवसांचं, हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, असं बरंच झालं. शेतकऱ्यानं शांतपणे बिडी विझवली.

"सर, थ्या मंगळावर रोही हायेत काय?"

"नाहीत."

"डुकरं?"

"एकही नाही. जीवच सापडलेला नाही तिथं."

"अन् पानी?"

"आहे, पण बर्फ. खणून काढावा लागेल."

"आमी इथं तरी काय करतो? बोरच खंदतो ना. माहं नाव लिहा तुमच्या गाडीत."

सरांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग खिशातला लाल पेन काढला आणि उरलेल्या चौघांतला भूगर्भशास्त्रज्ञ खाली उतरवला.