आमचे गुपितराव

विरार-चर्चगेट लोकलच्या प्रत्येक डब्यात एक गुपितराव असतात. आमचे राहतात नालासोपाऱ्याला, पण सीटसाठी आधी उलटे विरारला जाऊन बसून येतात. आणि ही युक्ती कुणाला सांगू नका, असं सगळ्यांना सांगतात.

त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही असं नाही. राहते, पण ती राहिली आहे हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एटीएमचा पिन उलटा करून, त्यात सासऱ्यांचा घरनंबर मिळवून, वीजबिलाच्या मागे लिहिलाय, हे गाडी भाईंदरच्या खाडीवर येईपर्यंत चौथ्या सीटवाल्यालाही पाठ झालेलं असतं. बँकेचा फोन आला की तोंडावर हात धरतात, आवाज तेवढाच ठेवतात.

यात त्यांची भाची बायोटेक्नॉलॉजीला गेली आणि गुपितरावांना नवा विषय मिळाला. तिने सांगितलं, 1994 मध्ये अमेरिकेत लिओनार्ड एडलमन यांनी डीएनएकडून एक कोडं सोडवून घेतलं. सात शहरं, काही ठरावीक रस्ते. प्रत्येक शहर एकदाच घेऊन शेवटचं गाठायचं. शहराला डीएनएचा एक तुकडा, रस्त्याला दोन शहरं जोडणारा दुसरा. सगळे नळीत एकत्र केले की असंख्य मार्ग एकदमच जुळतात. वेळ लागतो तो चुकीचे गाळायला. एडलमनना प्रयोगशाळेत सात दिवस लागले.

"हात्तिच्या!" गुपितराव म्हणाले. थोरलीच्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी निर्मळ, भुईगाव, गास, सोपारा, बोळींज, आगाशी, अर्नाळा अशा स्कूटरवरून वाटल्या होत्या, एकाही गावात दोनदा न जाता. "आणि त्या एडलमनला घरोघरी चहा नव्हता घ्यायचा."

पण हेच एडलमन आरएसए नावाच्या संगणकी कुलपातले 'ए' आहेत, हे कळल्यावर ते सावरून बसले. मग भाचीने 2006 मधले पॉल रोथेमुंड काढले. त्यांनी एका विषाणूचा लांब डीएनए-धागा दोनशेवर छोट्या तुकड्यांनी टाचून, घड्या घालून, हसरे चेहरे बनवले. एकेक चेहरा केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा. अशा घड्यांतून पुढे निरोपही लपवले गेले. "इतका बारीक माणूस हसला तरी कुणाला कळणार?" गुपितरावांना हे फारच आवडलं. त्यांच्या मते सुरक्षा म्हणजे हीच.

शेवटी भाची मूळ मुद्द्यावर आली. 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या स्वारीची तारीख डीएनएत लिहिली, माणसाच्या डीएनएच्या ढिगात मिसळली, कागदावर पूर्णविरामाएवढ्या ठिपक्यात जिरवली आणि चक्क टपालाने पाठवली. निरोपाच्या दोन्ही टोकांना ठरावीक अक्षरं. ती ठाऊक असलेल्यालाच पीसीआर करून निरोप वर काढता येतो. कोविडात नाकात काडी घालून झाली, तीच पीसीआर.

"म्हणजे माझा पिन आता पूर्णविरामात!" गुपितराव उठलेच.

"मामा, बसा. एका आकड्याला तीन अक्षरं धरली, तर तुमचा पिन झाला बारा अक्षरांचा."

"झाला."

"आणि तो काढायची किल्ली दोन्हीकडची वीस-वीस. चाळीस अक्षरं. सगळी ए, टी, जी, सी. एक चुकलं तरी घोटाळा."

गुपितराव थोडा वेळ गप्प. त्यांच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची. मग खिशातून पेन काढलं, दाराआडचं कालनिर्णय उलटं केलं आणि म्हणाले, "सांग, ए काय पुढे?"

आतून मामींचा आवाज आला, "तिथे दुधाचा हिशेब आहे. तुमचा पिन लिहिलाय, त्याच्या शेजारी जागा बघा."