स्टीलला एक्सपायरी नसते

किराणा दुकानदाराचा मला हेवा वाटतो. दुकानात काय ठेवायचं, हा प्रश्न त्याला पडतच नाही. मीठ, साखर, तूरडाळ, पोहे, साबण. माणूस जिवंत आहे तोवर हे खपणारच. औषधाच्या दुकानात तर माणूस जेमतेम जिवंत असला तरी भागतं. पण केकच्या सामानाचं दुकान ही वेगळीच चीज आहे. तिथल्या एकाही वस्तूवाचून कुणाचं काहीही अडत नाही. खायचे चंदेरी मोती, साखरेची फुलपाखरं, सोनेरी पुठ्ठे, गुलाबाच्या पाकळ्या पाडणारी नोझलं यांच्यावाचून मनुष्यजात हजारो वर्षं सुखाने नांदली. तरी शनिवारी संध्याकाळी त्या दुकानात शिरावं, तर वाटतं की यातलं काही मिळालं नाही तर आज कुणाचा तरी संसार मोडणार.

असं एक दुकान आमच्या वहिनी कराडात चालवतात. मी निवृत्त माणूस. संध्याकाळी काउंटरमागच्या स्टुलावर बसतो आणि केकचे बॉक्स मोजून देतो. पगार नाही, अधिकार त्याहून नाही.

या दुकानाचा जन्म बऱ्याच जणांच्या दुकानासारखाच. २०२० च्या टाळेबंदीत अनेक बेकऱ्यांची शटरं खाली होती. वाढदिवसांना मात्र शटर नसतं, ते येत राहिले. मग कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून, बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनोची पुडी यांचा केक घरोघरी झाला. बऱ्याच घरांत तो तिथेच थांबला. काही घरांत मात्र कुकर जाऊन ओव्हन आला, मोबाइलवर व्हिडिओ आले, शेजारणीची ऑर्डर आली आणि बघता बघता प्रत्येक सोसायटीत एक ‘होम बेकर’ तयार झाली. या बायकांना अर्धा किलो क्रीमसाठी पुण्याला किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला कोण पाठवणार? वहिनींनी गाळा घेतला.

गाळा घेणं सोपं होतं. फळ्यांवर काय मांडायचं, तिथे खरी परीक्षा.

काही गोष्टींना विचार लागत नाही. व्हिपिंग क्रीम, कंपाउंड चॉकलेट, एगलेस प्रीमिक्स, बटर पेपर, पायपिंग बॅगा आणि बॉक्स. दुकान दिसतं मोत्यांवर, चालतं बॉक्सवर. अर्ध्या किलोला आठ बाय आठचा, किलोला दहा बाय दहाचा, आणि हल्ली केकची उंची माणसांच्या अपेक्षांसारखी वाढल्यामुळे उंच खिडकीचाही. क्रीमचं दुखणं वेगळं. ते डीप फ्रीझरमध्ये उणे अठराला झोपलेलं असतं. एकदा वितळून पुन्हा गोठलं की फेटताना फुलत नाही, आणि तीन-चार पट फुलणं हाच तर त्याचा एकमेव गुण. त्यामुळे वीज गेली की वहिनींचा चेहरा आधी उतरतो, फ्रीझरचं तापमान नंतर.

चॉकलेटचीही हीच तऱ्हा. खरं चॉकलेट, म्हणजे कोको बटर असलेलं ‘कुव्हर्चर’, अंगाच्या उबेला वितळतं. शिवाय त्याला नीट टेम्पर करावं लागतं, म्हणजे ठरावीक अंशांवर तापवून, निववून, पुन्हा जरासं तापवून. एवढे लाड केले नाहीत तर ते पांढरट पडून रुसतं. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेल-तूप असतं. ते वितळवा, साच्यात ओता, झालं. कराडच्या एप्रिलमध्ये कुणाशी सोयरीक करावी, हे सांगायला नको. फळी कंपाउंडने भरलेली असते आणि कुव्हर्चरची दोन पाकिटं फ्रिजच्या कोपऱ्यात, श्रीमंत नातेवाइकासारखी: येणंजाणं कमी, पण ओळख ठेवायची.

खरी विद्या लागते ती आकड्यांच्या मेणबत्त्यांना. होलसेलवाला शून्य ते नऊ सगळे आकडे सारख्या संख्येने देऊ करतो. त्याला वाटतं, माणसं सगळ्या वयांची असतात. असतात, पण साजरी सगळ्या वयांत होत नाहीत. एक सगळ्यात आधी संपतो. पहिला वाढदिवस म्हणजे आईबापांचा विजयोत्सव; त्यात उत्सवमूर्ती झोपलेली असली तरी चालते. पुढे पाच, मग सोळा, अठरा, एकवीस. पाच आणि शून्य हे दोघे पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर असे कुठेही कामाला येतात. सहाला एकसष्टीचा आधार आहे. आठ बरेच दिवस पडून असतो, आणि मग कुणाच्या तरी आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन निघतं. हजार पौर्णिमा बघायला जवळजवळ एक्याऐंशी वर्षं लागतात, म्हणून आठाच्या जोडीला एक हवा. आणि एक नेमका संपलेला असतो, कारण सकाळीच कुणाचं तरी बाळ वर्षाचं झालेलं असतं.

चार आणि नऊ हे बिचारे. चारला चार वर्षांचं मूल तरी मिळतं. चाळिशीच्या पुढे मात्र बायका काउंटरवर वाकून हळूच सांगतात, “आकडा नको, नुसतं हॅप्पी बर्थडे द्या.” पुरुष सांगत नाहीत, पण घेतही नाहीत. मेणबत्तीचा सहा उलटा करून नऊ करता येत नाही, कारण तिला खाली खोचायची काडी असते. फॉइलचा फुगा मात्र उलटा टांगता येतो. म्हणून वहिनी फुग्यांत नऊ मागवतच नाहीत. गणितात इतका व्यवहार मी नोकरीभर पाहिला नाही.

टॉपरमध्ये गावाचं मन कळतं. शहरातून येणाऱ्या पाकिटात सगळे इंग्रजी असतात. इथे लागतात ते ‘आई’, ‘बाबा’, ‘लाडकी लेक’, ‘बारसं’, ‘डोहाळजेवण’, आणि निवडणुकांच्या आगेमागे ‘दादा’, ‘भाऊ’, ‘साहेब’. साहेबांचा केक पाच किलोच्या खाली नसतो, त्यामुळे जाड एमडीएफचे बोर्ड ठेवावे लागतात. एकदा अशाच एका केकवाल्या कार्यकर्त्याने तलवार आहे का विचारलं. तलवारीने केक कापणाऱ्यांवर ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या वहिनी वाचतात. त्यांनी त्याला गुलाबी प्लॅस्टिकची सुरी दिली आणि म्हणाल्या, “भाऊ, केक मऊ आहे. याने कापला जाईल.”

रंगांच्या बाबतीत त्या आणखी कडक. आपल्याकडे खाण्यात चालणारे कृत्रिम रंग अवघे आठ: लाल तीन, पिवळे दोन, निळे दोन आणि हिरवा एक. बाकीची सगळी इंद्रधनुष्यं त्यांच्याच मिसळीतून निघतात. काळ्याचा मान त्या आठांत नाही. म्हणून सुपरहीरोचा काळा केक हवा असेल तर पांढऱ्या क्रीममध्ये रंगाची बाटली उपडी करू नका, आधी चॉकलेटचं क्रीम करा आणि मग थेंबभर रंग घाला, हा सल्ला त्या फुकट देतात. नाही तर पाहुणे घरी पोचतात आणि आरशात जीभ बघून डॉक्टरला फोन करतात. चकचकीत पावडरींचं तर सांगूच नका. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं. “म्हणजे खाऊन मरणार नाही एवढंच,” वहिनी म्हणतात. “खावं असं कुठं म्हटलंय?” ज्या डबीवर अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर आणि घटकांची यादी नाही, ती कितीही चमकली तरी फळीवर चढत नाही.

आणि मग येते फॅशन. ती मोबाइलमधून येते, आदल्या रात्री येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर असते. एका वर्षी चॉकलेटच्या हृदयावर हातोडी मारून आतला केक काढायचा, त्याला म्हणे पिन्याटा. मग केकभोवती पारदर्शक शीट गुंडाळून आत पातळ क्रीम ओतायचं आणि शीट वर ओढली की धबधबा. मग तळहातावर मावेल एवढा बेंटो केक, बर्गरच्या डब्यात. प्रत्येक फॅशनला तिचं तिचं सामान लागतं. ते मागवावं, गठ्ठा यावा, आणि गठ्ठ्याची दोरी कापेपर्यंत लोक पुढच्या फॅशनवर गेलेले असावेत.

पिन्याटाच्या लाकडी हातोड्या अशाच उरल्या. मी सुचवलं, अर्ध्या किमतीला काढून टाका. वहिनींनी त्या काउंटरवर बरणीत उभ्या करून ठेवल्या. एका गिऱ्हाईक बाईंनी एक उचलली, हातात तोलली आणि विचारलं, “हे खेकड्याच्या नांग्या फोडायला बरं पडेल ना?” वहिनी क्षणभरही अडखळल्या नाहीत. “त्यासाठीच तर आहे.” बरणी रिकामी झाली, तीही पूर्ण किमतीला.

पण सगळ्या मालाला खेकडे भेटत नाहीत. म्हणून वहिनींनी एक नियम केलाय: वेडेपणा स्टीलमध्ये करावा, शहाणपण क्रीममध्ये. ज्याला तारीख आहे ते मोजून मागवायचं. ज्याला तारीख नाही, त्यात जरा हौस केली तरी चालते. त्यांच्या नोझलच्या खणात शे-सव्वाशे प्रकार आहेत. मध्यंतरी सगळ्यांना गुळगुळीत, भिंतीला पुट्टी मारल्यासारखे केक हवे होते. चांदणी नोझलने काढलेल्या झालरी म्हणजे जुन्या बेकरीचा मागासलेपणा. तेव्हा मी म्हटलं होतं, हा खण मोडीत द्या. आता हृदयाच्या आकाराचे, झालरींवर झालरी चढवलेले ‘व्हिंटेज’ केक आले आणि त्याच नोझलांसाठी मुली सांगली-साताऱ्याहून फोन करतात. ही झालरींची पद्धत जोसेफ लॅम्बेथ नावाच्या केकवाल्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचं पुस्तक १९३४ सालचं. नव्वद वर्षांनी तिला पुन्हा तारुण्य आलं. क्रीमला असं भाग्य नाही.

तसं पाहिलं तर साखरेची नक्षी आपल्याला काही नवीन नाही. जानेवारीत वहिनी दुकानात काटेरी हलवा ठेवतात. एका आजींनी शेजारचे चंदेरी मोती बघितले, भाव विचारला आणि हसल्या. त्या तरुणपणी हलवा करायच्या. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, त्यावर चमच्याने थेंब थेंब पाक आणि हाताची बोटं सतत फिरती. घाई केली तर गोळा होतो, आच वाढली तर पिवळा पडतो. धीर धरला तर दिवसेंदिवस थर चढत जातात आणि दाण्याला काटे फुटतात. कारखान्यातले मोतीही असेच फिरत्या भांड्यात पाकाचे थर चढवून होतात, फक्त तिथे बोटं भाजत नाहीत. आजी दुकानातून गेल्यावर एका बेकर मुलीने बोरन्हाणाच्या केकला मोत्यांऐवजी हलवा लावला. पुढच्या संक्रांतीला वहिनींनी हलव्याची ऑर्डर दुप्पट केली. पाडव्याला साखरेच्या गाठी, गणपतीत चॉकलेट मोदकांचे साचे, डिसेंबरात तुटीफ्रुटी, म्हणजे कच्च्या पपईचे पाकात रंगवलेले तुकडे. कॅलेंडर काउंटरमागे टांगलेलं असतं ते याच्यासाठी.

मी एकदा विचारलं, “वहिनी, तुमच्या स्वतःच्या आवडीचं यात काय आहे?” त्यांनी वरच्या, हात पुरणार नाही अशा फळीकडे बोट केलं. तिथे पाकळीचं १०४ नंबरचं नोझल होतं, फुलं काढायचा खिळा होता, गव्हाच्या ओंब्यांचे साचे होते, कुणी कधी न मागितलेलं बरंच काही होतं. “सगळं दुकान मागणीचं,” त्या म्हणाल्या, “ही एक फळी न मागितलेल्याची. लोकांनी बघितलंच नाही तर ते मागतील कसं?” दोन फळ्या तशा ठेवल्या तर दुकान बुडेल, एकही नाही ठेवली तर ते दुकान राहणार नाही, गोदाम होईल. हा हिशेब मला कुठल्याही जमाखर्चात सापडला नव्हता.

तेव्हापासून त्या फळीसाठी माझीही एक शिफारस होती. सगळे टॉपर कशाचे ना कशाचे असतात: वाढदिवसाचे, बारशाचे, निवृत्तीचे. काहीच नसताना केक आणावासा वाटला तर? ‘सहज’ असा एक टॉपर करून घ्या, मी म्हटलं.

वहिनी हसल्या. “भाऊजी, सहज खाणारा माणूस केक कापत नाही. बेकरीतनं खारी आणतो, चहात बुडवतो आणि मोकळा होतो. लोक आपल्याकडे केकचं सामान नेत नाहीत, निमित्त नेतात.”

मी गप्प बसलो. बरोबरच होतं. परवा होलसेलवाल्याची यादी करताना मात्र त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिलं: ‘सहज’, नग पाच. मी भुवया उंचावल्या.

“तुमच्यासाठी नाही,” त्या म्हणाल्या. “अ‍ॅक्रिलिकलाही एक्सपायरी नसते.”