सायन्स वन, सायन्स टू

राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेत विज्ञान एकच. ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’, 100 गुण, एक ओळ. दप्तर उघडलं की मात्र भाग 1 आणि भाग 2 अशी दोन पुस्तकं निघतात. पेपरही दोन, 40-40 गुणांचे, वेगवेगळ्या दिवशी. उरलेले 20 प्रात्यक्षिकांचे. ते मिळतातच, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

मुलं तर ‘विज्ञान’ म्हणतच नाहीत. ‘सायन्स वन झालं, टू राहिलंय.’

भाग 1 मध्ये ‘उष्णता’ हा धडा आहे. त्यात पाण्याचं असंगत आचरण येतं. 4 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वांत जास्त, म्हणून थंड प्रदेशात तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. भाग 2 मध्ये ‘प्राण्यांचे वर्गीकरण’. तिथे मासा पुन्हा भेटतो : शीतरक्ती, कल्ल्यांनी श्वसन करणारा. आता एखाद्या आगाऊ पोरीने विचारलं, ‘मासा शीतरक्ती ना, मग तोही 4 अंशांवर येणार. त्याचं पचन-श्वसन चालतं कसं? आणि वर बर्फाचं झाकण असताना ऑक्सिजन कुठून?’ एका प्रश्नात भौतिक, रसायन, जीव, तिन्ही शास्त्रं हजर! पण वनच्या बाई म्हणणार, ‘ते सरांना विचार.’ टूचे सर म्हणणार, ‘धडा बाईंचा आहे ना? मग त्यांनाच विचार.’ मासा बर्फाखाली तगला, पण या दोन तासांच्या मधे अडकला.

भाग 2 हा म्हणे जीवशास्त्राचा. त्यातच ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा धडा घुसवलाय. टर्बाइन, जनित्र, औष्णिक वीजकेंद्र, अणुवीज. जनित्र कसं चालतं ते भाग 1 मध्ये, त्यावर चालणारं वीजकेंद्र भाग 2 मध्ये. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलेले सर टर्बाइनची आकृती फळ्यावर काढून ‘एवढी पाठ करा’ म्हणतात, यात त्यांचा काय दोष? अकरावीतच बाईंनी जीवशास्त्र सोडलं, सरांनी गणित. ज्यांना आपण सोळाव्या वर्षी वेगळं केलं, त्यांनीच आता पंधरा वर्षांच्या मुलांपुढे विज्ञान जोडून दाखवायचं.

हा घोळ जुनाच. सामान्य विज्ञान म्हणून सगळं एकत्र शिकवण्याचा प्रकार फसला, त्याने विषयाला आकारच राहत नाही, असं कोठारी आयोगाने 1966 साली लिहून ठेवलं. आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. नऊ वर्षांनी, 1975 मध्ये, दहा वर्षांच्या शालेय अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय आराखडा आला. तो म्हणाला, विज्ञान एकात्मिकच शिकवा. महाराष्ट्राने दोघांचाही मान राखला : गुणपत्रिकेत एकत्र, दप्तरात विभक्त.

विज्ञान एकत्र शिकवता येत नाही असं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत 1972 साली ते सुरू झालं. मुलांनी प्रयोग करायचे, निष्कर्ष आपणच काढायचे, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवून बसायचं. तीस वर्षं चाललं. 2002 मध्ये सरकारने गुंडाळलं. चालणारी गोष्ट इतकी वर्षं चालू दिली हेच नवल.

आपल्याकडे उपाय त्याहून स्वस्त आहे. आठवड्यातून एक तास बाई आणि सर दोघांनी एकाच वर्गात जायचं आणि तो मासा मधे ठेवायचा. पुस्तक बदलायला नको, नवी समिती नको. घोडं पेंड खाईल ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर : हा तास कार्यभारात कुणाच्या नावावर धरायचा?