घाट चढण्याची सोपी रीत

पुण्याहून वाई, महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि महाड, मग वरंध घाट चढून भोरमार्गे परत पुणे. ही फेरी सायकलीवर तंबू लादून, मित्रांसोबत चार मुक्कामांत होते. ‘एवढं तर मोटारीनं एका दिवसात होतं,’ असे घरातले कोणीतरी म्हणेलच. त्याला उत्तर देऊ नये, कारण ते नाही. पुढील सूचना नवशिक्यांसाठी आहेत. अनुभवी लोकांनी त्या वाचू नयेत. वाटेत नवशिक्यांना सांगायला त्यांच्याजवळही काही उरले पाहिजे.

मुहूर्त

महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. या दिवसांत घाट फार सुंदर दिसतात, विशेषतः मोटारीच्या काचेतून. जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळीचा रस्ता दरडींनी जागोजागी तोडला होता. ‘पावसातच खरी मजा’ म्हणणाऱ्या मित्राला हे एकदा सांगावे आणि नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धरावा.

मात्र याच दिवसांत वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात, आणि वर कुडकुडलेली मंडळी दुसऱ्या दुपारी पोलादपुरात सावली शोधत फिरतात. म्हणून कपडे दोन ऋतूंचे घ्यावेत. तारीख मात्र कोणालाही विचारून ठरवू नये. आधी जाहीर करावी, मग एकेकाची कारणे शांतपणे ऐकून घ्यावीत.

मित्र

तुम्ही धरून चौघे असावेत. तिघे असले की प्रत्येक वादात दोघे एकीकडे होतात. पाच असले की दोन-दोन माणसांच्या दोन तंबूंत पाचवा कुठे झोपणार, हा प्रश्न रोज संध्याकाळी निघतो. चौघे मिळवायचे तर व्हॉट्सॲपचा गट पंधरा-सोळा जणांचा काढावा. पहिल्या दिवशी सगळे अंगठे वर होतील. निघण्याच्या आदल्या रात्री एकाची पाठ धरेल, दुसऱ्याच्या साहेबाला अचानक त्याची किंमत कळेल, तिसऱ्याचा फोन लागणार नाही.

या गळतीचे वाईट वाटून घेऊ नये. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. मार्च १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले ते तिघे: आदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भुमगरा. जगाला वळसा घालताना निम्मे टिकले. तुमच्या मंडळींना तर अजून कात्रज चढायचा आहे.

चौघांपैकी एकाला नकाशा वाचता यावा, एकाला पंक्चर काढता यावे आणि एकाला अनोळखी माणसाशी बोलता यावे. चौथा कसाही चालतो. तो चौथा आपण नव्हे, अशी प्रत्येकाची समजूत असावी. तिच्यावर गट टिकतो.

सामान

तंबू, झोपायची पिशवी, चटई, डोक्याला बांधायचा दिवा, पंप, पंक्चरचे सोल्यूशन आणि पॅच, दोन जादा ट्यूब, ब्रेकचे जादा रबर. जड वस्तू खाली आणि चाकांच्या जवळ बांधाव्यात. सगळे ओझे मागच्या कॅरिअरवर उंच रचले, तर चढावर पुढचे चाक उचलू लागते. उतारावर मागचे ओझे कोणत्या बाजूला जायचे ते स्वतः ठरवते.

सायकल नवी आणि महाग असेल, तर ट्यूबचा व्हॉल्व्ह पाहावा. तो बारीक प्रेस्टा जातीचा असेल, तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचे तोंड त्यावर बसत नाही. पन्नास हजारांच्या सायकलीभोवती सगळे दुकान उभे आणि हवा भरता येईना, असा देखावा होतो. पेराएवढा पितळी अडॅप्टर त्यावर पुरतो. तो पैशाच्या पाकिटात ठेवावा, कारण पाकीट कोणी घरी विसरत नाही.

आईने दिलेला चिवड्याचा डबा नाकारू नये. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरले, तर किलोभर चिवड्याने वजन एक टक्का वाढते. दोन तासांच्या चढाला त्यामुळे जेमतेम सव्वा मिनिट जास्त लागते. हा हिशेब फक्त चिवड्याला लागू आहे. मित्राने गुपचूप भरलेला ब्लूटूथ स्पीकर, कढई किंवा घोड्याच्या नालेएवढे कुलूप यांना तो लावू नये.

चढ

पहिल्या दिवशी कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट लागतात. ते लहान आहेत, असे सगळे सांगतात. तसे सांगणारे मोटारीत असतात. सुरूर फाट्याला वळून संध्याकाळी वाईत पोचावे आणि कृष्णेच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसावे. खरी शाळा दुसऱ्या सकाळी भरते. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास, आणि शाहीर साबळ्यांचे गाव पसरणी ओलांडले की पाचगणीपर्यंत रस्ता वळणे घेत चढतच राहतो.

कृती अशी. घाट दिसताच गिअर बदलावा. चढावर जोर लावलेला असताना बदलायला गेले, तर चेन करकरते आणि कधी उतरते. पुढचे सगळ्यांत लहान चक्र, मागचे सगळ्यांत मोठे. मग पायडल हलके आणि भरभर फिरवावे. वेग ताशी सहा किलोमीटरवर येईल. याच वेगाने डोक्यावर गवताचा भारा घेतलेली आजी शेजारून चालत असेल. तिच्याशी शर्यत लावू नये. ती थांबणार नाही, तुम्ही थांबाल.

दम लागल्यावर थेट ‘थांबूया’ म्हणण्याची पद्धत नाही. ‘काय व्ह्यू आहे!’ म्हणावे. समोर नुसता कठडा असला तरी बाकीचे तिघे लगेच सहमत होतात. पाणी तहान लागण्याआधी प्यावे, खाणे भूक लागण्याआधी खावे. शंभर किलो वजन वाईहून महाबळेश्वरपर्यंत वर नेण्याच्या कामाला सुमारे १५० कॅलरी लागतात. शरीर आपल्या इंधनाचा जेमतेम चौथा भाग कामी लावते, म्हणून खर्च ६०० च्या घरात जातो. म्हणजे नुसत्या उंचीपुरते मोठे दोन वडापाव पुरतात. चौघांनी मिळून किती खाल्ले, हा या पुस्तिकेचा विषय नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. जोरकस मित्र आधी वर पोचतो, सावली धरतो, चहा घेतो, अर्धा तास पाय पसरतो. शेवटचा मित्र धापा टाकत येतो, तोच वरचे तिघे उठून म्हणतात, ‘आलास? चला!’ अशा रीतीने ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती कधी मिळत नाही, आणि तिसऱ्या दिवशी तो का चिडतो याचे सगळ्यांना नवल वाटते. म्हणून विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजावी. पहिल्याने या काळात आपण किती मिनिटांत चढलो हे सांगू नये. कोणी विचारलेले नसते.

वाट विचारणे

वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तरीही रस्ता पानटपरीवरच विचारावा. मात्र मोटारसायकलवाल्याला ‘पुढे चढ आहे का?’ असे विचारू नये. त्याला सगळा महाराष्ट्र सपाट दिसतो. ‘सरळच हाय की,’ म्हणून तो निघून जातो आणि पुढच्या वळणावर घाट सुरू होतो. खात्रीची माहिती शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलींकडे मिळते. कुठे पायडल मारावे, कुठे मुकाट्याने उतरून ढकलावे, हे त्यांना फुटाफुटाने पाठ असते. त्या बिनगिअरच्या सायकलीवर दप्तरासकट तुम्हाला मागे टाकतील. त्या वेळी बूट बांधण्यासाठी खाली वाकावे.

गावोगावी हा संवाद होईल:

‘पाव्हणं, कुठनं आलासा?’

‘पुण्याहून.’

‘सायकलवर? गाडी न्हाई व्हय?’

‘आहे की काका, घरी आहे.’

यानंतर काका चौघांकडे थोडा वेळ बघतात आणि चहा सांगतात. व्यायाम, पर्यावरण, आत्मशोध वगैरे कारणे सांगून चहा घालवू नये.

मुक्काम

‘जंगलात कुठंही तंबू टाकू,’ ही कल्पना निघण्यापूर्वीच मोडून काढावी. परवानगीशिवाय वनखात्याच्या हद्दीत राहता येत नाही. त्या भागात रानगवे आहेत आणि त्यांनीही कोणाची परवानगी घेतलेली नाही. दिवेलागणीच्या आधी गाव गाठावे, सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटावे, नाव-गाव सांगावे. शेताचा बांध, देवळाचा सभामंडप, सुट्टी असेल तर शाळेचा व्हरांडा, काहीतरी मिळते. सकाळी जागा झाडून निघावे. पुढच्या वर्षी येणाऱ्या सायकलवाल्यांना आपल्या नावाने शिव्या बसू नयेत, एवढाच हेतू.

महाबळेश्वरच्या पठारावर जांभा दगड आहे. तंबूच्या खुंट्या त्यात शिरत नाहीत, वाकतात. दोऱ्या दगडांना किंवा सायकलींना बांधाव्यात. सायकलीला बांधल्यास रात्री उठणारा अडखळतो आणि तंबू, सायकल व तो असे तिघे एकदम कोसळतात. चोरांपासून संरक्षण आपोआप होते. तंबूची जाळीची खिडकी थंडी असली तरी थोडी उघडी ठेवावी. नाहीतर दोघांचा श्वास कापडावर पाणी होऊन पहाटे त्यांच्याच तोंडावर ठिबकतो, आणि पाऊस पडला की नाही यावर वाद होतो.

स्वयंपाकात तुरीच्या डाळीचा हट्ट धरू नये. या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. कुकर नसेल तर डाळ शिजेपर्यंत गॅस आणि मैत्री दोन्ही संपतात. मूग किंवा मसूर घ्यावी, खिचडी टाकावी. मीठ एकानेच घालावे. चौघे मदतीला आले, तर ते चार वेळा पडते.

उतार

महाबळेश्वर ते पोलादपूर हा सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता तुम्हाला हजार मीटरहून अधिक खाली नेतो. मधे प्रतापगडाचा फाटा लागतो. इथे नवशिक्याला वाटते की कष्ट संपले. कष्ट पायांतून हातांत आलेले असतात. ब्रेक सतत दाबून धरू नये, रिम तापते. दोन्ही ब्रेक मिळून दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. समोरून एसटी आली तर रस्ता तिचा आहे, हे मान्य करावे. दोघांत किमान पाच सायकलींचे अंतर ठेवावे. पुढच्याला माकड दिसले की तो न सांगता थांबतो.

उतारावर हेल्मेट घालावे. घाट चढताना घातले आणि उतरताना हँडलला अडकवले, असे करणारा एकजण गटात असतोच. त्याला सर्वांनी मिळून ओरडावे. प्रवासातली ही एकमेव गोष्ट आहे जिच्यावर चौघांचे, म्हणजे तिघांचे, एकमत होते.

पुन्हा चढ

महाडला पोचल्यावर सर्वांना कळते की घर डोंगराच्या वर राहिले. जेवढे उतरलो तेवढे चढल्याशिवाय फेरी पुरी होत नाही. नकाशावर हे पहिल्या दिवसापासून दिसत होते. इथे एसटीच्या टपावर सायकली टाकण्याचा ठराव मांडला जातो. तो चर्चेला घ्यावा, पण कंडक्टरला लगेजचे भाडे विचारू नये. उत्तर परवडण्याजोगे असण्याचा धोका असतो. वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी भजी मिळतात, एवढेच सांगावे. ज्ञान, निसर्ग आणि इतिहास यांनी न हललेली सायकल गरम भज्यांच्या आशेवर खिंडीपर्यंत जाते.

भोरला शेवटचा मुक्काम करावा आणि पैशांचा हिशेब तिथेच मिटवावा. पुण्यात शिरल्यावर ज्याने त्याने आपल्या रस्त्याला लागायचे असते, आणि मग चहाचे एकशे दहा रुपये वर्षभर गटात फिरत राहतात.

घरी आल्यावर आठवडाभराने, जिना न धरता उतरता येऊ लागला, की पुढच्या सहलीची यादी करावी. सगळ्यांत वेगाने चढणारा मित्र आधी आठवेल. त्याचे नाव खोडू नये, पण पहिले लिहू नये. पहिले नाव लिहावे ते घाटात दर दोन वळणांनी शेवटच्या माणसाजवळ थांबून ‘माझं सीट सारखं खाली जातंय रे,’ म्हणत पाना शोधणाऱ्याचे. त्याचे सीट पाच दिवसांत एकदाही खाली गेलेले नव्हते.